तांब्याची परात आणि केरोबाचे अक्षर

डोंगरांच्या पार पोटात, जिथून पुढे वाटच नव्हती, तिथे आडदरी नावाचे एक गाव होते. त्या गावचा एक माणूस राजाच्या दरबारात चिटणीस झाला होता. त्याचे नाव केरोबा. राजाला आलेले अर्ज वाचून दाखवायचे आणि राजा सांगेल तो हुकूम लिहून काढायचा, हे त्याचे काम.

केरोबाचे अक्षर फार सुरेख होते. पण लोक त्याचे नाव घेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. केरोबा कधी कुणाची बाजू घेत नसे. आपल्या गावाकडचा अर्ज आला तर तो मुद्दाम सगळ्या अर्जांच्या खाली ठेवी. "चिटणीस म्हणजे तराजूचा काटा," असे लोक म्हणत. ते कानावर आले की केरोबाला बरे वाटे. हळूहळू त्याला त्या बरे वाटण्याची सवय लागली.

केरोबा लहान असतानाच त्याचे आईवडील गेले होते. थोरली बहीण साळू, तिने त्याला वाढवले. आईचे एक तांब्याचे घंगाळ तिच्याजवळ होते. थंडीच्या दिवसांत त्यात पाणी विसणून ती त्याला अंघोळ घाली. तो सात वर्षांचा झाला तेव्हा ती त्याला पाठीशी घेऊन डोंगर उतरली आणि पायथ्याच्या कुरवंडी गावी तिने त्याला पंतोजींकडे शिकायला ठेवले. दर आठवड्याला ती भाकरी घेऊन खाली येई आणि त्याने धुळीत काढलेली अक्षरे बघून परत जाई. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. पण भावाचे अक्षर मात्र ती हजारांत ओळखी.

आता आडदरीची अडचण सांगते. त्या राज्यात कुणाला निरोप धाडायचा असेल तर तो धनाप्पा शेटच्या घोडेस्वाराकडे द्यावा लागे. राजाने शेटजींना निरोपांचा मक्ता दिला होता. सपाटीवरच्या गावांत त्यांचे घोडे वेळेवर जात, तिथे कुणाची तक्रार नव्हती. पण डोंगरात घोडा चढत नसे. आडदरीच्या वाटेवर तर शेळीसुद्धा पाय बघून टाकी. कुरवंडीहून सकाळी निघालेला माणूस दिवस कलता आडदरीला पोहोचे. तेवढ्या वेळात आजारी माणूस बरा तरी होई, नाहीतर जाई. एका वर्षी गावातली एक लेकुरवाळी बाळंतपणात अडली. सुईण कुरवंडीला होती. ती वर आली तेव्हा तिच्या हाताला करायला काम उरले नव्हते.

तेव्हा गावाने ठरवले की आपले आपणच काहीतरी करायचे.

घरटी एकेक तांब्याचे भांडे गोळा झाले. कुणी कळशी दिली, कुणी हंडा. साळूने घंगाळ दिले. तांबटाला बोलावून त्या सगळ्याची एक मोठी परात ठोकून घेतली आणि ती गावाच्या टेकडीवर एका खांबाला अडकवली. कुरवंडीने आपली परात केली. मग डोंगरातल्या आसपासच्या गावांनीही केली. सूर्य परातीवर आला की तिची झळक समोरच्या टेकडीवर दिसे. घोंगडी पुढे धरली की झळक बंद, बाजूला केली की पुन्हा सुरू. अशा सतरा खुणा त्यांनी ठरवल्या. दोन झळका म्हणजे सुईण पाठवा. तीन म्हणजे वैद्य. पाच म्हणजे वणवा, घरे सोडून डोहाकडे चला. आणि रोज सकाळी पहिली खूण एकाच झळकेची असे. कुरवंडी विचारी, खुशाल? आडदरी तशीच एक झळक परत करी, खुशाल.

राखणीला पाळी लावली होती. रोज एका घराने टेकडीवर बसायचे. ज्याची पाळी त्याने चिंच आणि राख घेऊन परात लखलखीत घासायची. घासली नाही तर तांबे दोन दिवसांत काळवंडते आणि आठ दिवसांत हिरवे पडते.

त्या दिवाळीला केरोबा गावी गेला. साळूने त्याला हाताला धरून टेकडीवर नेले.

"ह्या कोपऱ्याकडे बघ," ती म्हणाली. "ठोक्याची चंद्रकोर दिसते ना? तिथं तुझं घंगाळ आहे."

"आक्का, आईची एवढी एक वस्तू होती आपल्याकडे."

"अरे, आधी त्यात एकट्या तुला अंघोळ घालत होते. आता सगळ्या गावाच्या कामाला येतंय. आईला काय वाईट वाटणार आहे?"

केरोबा बघत असतानाच खालून झळक आली. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुरवंडीचा निरोप वर आला होता. केरोबाला गावाचा फार अभिमान वाटला. तो राजधानीत परत आला, पण ह्याबद्दल दरबारात एक शब्द बोलला नाही. आपल्याच गावाची स्तुती आपण कशी करायची, असे त्याला वाटले.

त्या वर्षात परातीने दोन बाळंतिणी वाचवल्या आणि साप चावलेला एक गुराखी वाचवला. मग ही गोष्ट धनाप्पा शेटच्या कानावर गेली.

शेटजी काही दुष्ट नव्हते. पण त्यांना काळजी वाटली. आज डोंगरातल्या गावांनी परात लावली, उद्या सपाटीवरची गावे लावतील. मग आपले घोडे काय तबेल्यात बांधून ठेवायचे? ते दरबारात आले आणि हात जोडून उभे राहिले.

"महाराज, गावानं गावाचा कारभार बघावा," ते म्हणाले. "विहीर बघावी, चावडी बघावी. निरोप पोहोचवणं हे जाणत्याचं काम आहे. ढग आला की ह्यांची परात झोपते. पावसाळ्यात चार महिने ती मुकी. उद्या गावाला हे झेपलं नाही, परात फुटली, माणसं कंटाळली, तर ओझं शेवटी महाराजांवरच येणार. आणि मी राज्याचा कर भरतो. गावं तर राज्याचीच. मग राज्यच माझ्या विरुद्ध धंद्याला उभं राहिलं, असं नाही का होत?"

राजाने मान हलवली. बोलणे पटण्यासारखे होते.

डोंगरातल्या गावांच्या वतीने कुरवंडीचा भिवा गुरव आला होता. तो तिथल्या परातीची राखण करी. दरबार त्याने कधी पाहिला नव्हता. डोक्यावरचे पागोटे सारखे सारखे सरळ करत तो उभा होता.

"महाराज, मला एवढं बोलता येत नाही," तो म्हणाला. "शेटजींचा घोडा येऊ दे. तो ज्या दिवशी आडदरीला पोहोचेल त्या दिवशी मी स्वतः परात खाली उतरवीन. पण घोडा यायच्या आधी परात उतरवायला सांगू नका. एवढंच मागणं आहे."

"घोडा येणारच आहे," धनाप्पा शेट म्हणाले. "येत्या दसऱ्यापर्यंत माझा स्वार आडदरीच्या देवळापुढे उभा असेल."

"घोड्यावर बसून की घोड्याला खांद्यावर घेऊन?" भिवा म्हणाला. दरबारात थोडे हसू पसरले.

राजा मात्र हसला नाही. तो विचारात पडला होता. दोन्हीकडचे त्याने ऐकले होते आणि दोन्हीकडचे थोडे थोडे खरे वाटत होते. त्याने केरोबाकडे पाहिले.

"चिटणीस, तुम्ही त्या मुलखातले. तुमचं काय म्हणणं आहे?"

सगळा दरबार केरोबाकडे पाहू लागला. भिवाही पाहू लागला. भिवाच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली, जणू आता काम झालेच.

केरोबाला सगळे ठाऊक होते. त्या वाटेवर घोडा कधी चढणार नाही, हे त्याला ठाऊक होते. वाचलेल्या बाळंतिणींची नावे त्याला ठाऊक होती. पण त्याच्या मनात आले, मी आता बोललो तर उद्या लोक म्हणतील, चिटणिसाने आपल्या गावाची बाजू घेतली. तराजूचा काटा झुकला.

तो म्हणाला, "महाराज, मी त्याच मुलखातला आहे. म्हणून मी न बोललेलंच बरं."

दरबारात वाहवा झाली. एक म्हातारे सरदार शेजाऱ्याला म्हणाले, "ह्याला म्हणतात निःपक्षपाती माणूस." भिवाने खाली पाहिले आणि पुन्हा एकदा पागोटे सरळ केले.

राजाने हुकूम सांगितला आणि केरोबाने तो आपल्या सुरेख अक्षरात लिहिला. हुकमात परातीला मनाई केलेली नव्हती. एवढेच म्हटले होते की ज्या गावाला स्वतःचा निरोप चालवायचा असेल त्याने आधी मक्तेदाराची लेखी संमती आणावी. संमतीवाचून केलेली प्रत्येक झळक गुन्हा समजली जाईल.

गावांनी संमती मागितली. शेटजींच्या पेढीवरून उत्तर आले, विचार चालू आहे. पुन्हा मागितली. पुन्हा उत्तर आले, विचार चालू आहे. दसऱ्याच्या आधी शेटजींचा एक माणूस दोरी घेऊन वाट मोजायला आला. पहिल्या चढावर त्याने वर पाहिले, कुरवंडीत दोन पेले ताक घेतले आणि तो परत गेला. दसरा आला आणि गेला. घोडा आला नाही.

फाल्गुनात डोंगर वाळून पिवळा झाला होता. अशात एका दुपारी साळू राजधानीत केरोबाच्या दारात उभी राहिली. ती अडीच दिवस चालून आली होती. पायांना भेगा पडल्या होत्या. केरोबाने तिचे पाय धुतले, तिला जेवायला वाढले. हात धुतल्यावर ती बोलली.

"केरू, राजाला सांग ना."

"काय सांगू, आक्का?"

"जे आहे ते. तू डोळ्यांनी बघितलंस, तेवढंच सांग. जास्ती काही नको."

"हुकूम झालाय. आता तो असा मोडता येत नाही. आणि मी सांगितलं तर लोक म्हणतील, बहिणीच्या सांगण्यावरून बोलला."

"मग म्हणू देत. मी बहीण आहेच तुझी."

केरोबाने विचारले, "गावातल्या लोकांनी तेव्हाच एकत्र येऊन राजाकडे विनंती का केली नाही? हुकूम वाचला तेव्हाच खाली यायला हवं होतं."



"कसे येणार?" ती म्हणाली. "सोनाजी पाटलांनी कागद उघडला. सगळ्यांनी तो कपाळाला लावला. मी बघितलं, तर तुझं अक्षर. मीच सांगितलं सगळ्यांना, की हे आपल्या केरूच्या हातचं आहे. तेव्हा पाटील म्हणाले, मग काळजी नाही. आपल्या वाईटाचं असतं तर त्या पोरानं लिहिलं नसतं. त्याच संध्याकाळी परात उतरवली आणि घोंगडीत गुंडाळून देवळात ठेवली."

केरोबाने तिच्या पुढ्यातले ताट उचलून बाजूला ठेवले.

"राखणीची पाळीही बंद झाली," साळू सांगत होती. "परात नाही तर बसून काय करायचं, म्हणतात. मी मात्र रोज शेळ्या घेऊन टेकडीवर जाते आणि खाली बघत बसते. बघायला तर बंदी नाही ना? का डोळेपण धनाप्पाच्या मक्त्यात गेले? तो भिवा अजून आपली परात घासतो. झळक करत नाही, पण घासतो. म्हणतो, वेळ काही सांगून येत नाही."

"तू इथं आलीस, मग आता टेकडीवर कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर लगेच जायचंय मला. तू राजाशी कधी बोलशील तेवढं सांग."

केरोबा म्हणाला, "पाडव्याला नवा दरबार भरतो. तेव्हा बघू."

"बघू नको म्हणूस. बोलीन म्हण."

"बोलीन," केरोबा म्हणाला. पण ते त्याने अशा सुरात म्हटले की साळू आणखी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती निघून गेली. केरोबाने तिला वेशीपर्यंत पोहोचवले. वाटेत तिने नातीसाठी बत्तासे घेतले आणि पदराच्या टोकाला बांधले.

चार दिवसांनी धनाप्पा शेटच्या स्वाराने दरबारात एक निरोप आणला. निरोप कुरवंडीचा होता. आडदरीला वणवा लागून गाव जळाले. नऊ माणसे गेली.

केरोबाने तो निरोप राजाला वाचून दाखवला. सवयीने त्याचा आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला. मग त्याने कागद खाली ठेवला आणि कुणालाही न विचारता तो दरबारातून निघाला.

कुरवंडीला भिवा देवळाच्या ओट्यावर बसला होता. त्याची परात शेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती इतकी लखलखीत होती की केरोबाला तिच्यात आपला चेहरा दिसला.

"आग डोंगराच्या पाठीमागून आली," भिवा म्हणाला. "आडदरीतून तो उतार दिसत नाही. आमच्या टेकडीवरून दिसतो. सकाळीच मी धूर बघितला. हुकूम होता तरी परात वर नेली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. पाच पाच झळका करत राहिलो. सकाळपासून दुपारपर्यंत. आमचा एक गडी धावत वर निघाला. तो अर्ध्या वाटेवर होता तेव्हा आग गावात शिरली."

"वर कुणी बघितलं नाही?" केरोबाने विचारले. उत्तर त्याला ठाऊक होते, तरी त्याने विचारले.

"बघणारी एकच बाई होती तिथं," भिवा म्हणाला. "ती तुमच्याकडे आली होती, चिटणीस. त्या वेळी ती तुमच्या घरी जेवत असेल."

आडदरीला चार घरे उरली होती. शेतात आणि पाण्यावर होती ती माणसे पळाली म्हणून वाचली. घरात होती ती म्हातारी, अपंग आणि लहान. साळूच्या नवऱ्याचा पाय दोन वर्षांपूर्वी मोडला होता, त्याला चालता येत नव्हते. आईबाप नसलेली नात आजोबांचा हात सोडीना, म्हणून तीही राहिली. देऊळ दगडी होते. ते तेवढे जसेच्या तसे होते. त्यात घोंगडीत गुंडाळलेली परातही जशीच्या तशी होती.

साळू आपल्या घराच्या जोत्यावर बसली होती. पदराच्या टोकाला बत्ताशांची गाठ अजून तशीच होती. केरोबा तिच्या पायांशी बसला. त्याला वाटले होते, ती रागावेल, शिव्या देईल. निदान ओरडेल तरी. ती एवढेच म्हणाली, "अर्ध्या घटकेची वाट आहे डोहापर्यंत. ह्यांना पाठीवर घेऊन गेलं असतं कुणीही. सकाळभर वेळ होता."

ती रडली नाही. केरोबा मात्र खूप रडला. सात वर्षांचा असताना कुरवंडीला पंतोजींच्या ओसरीवर एकटा राहिला होता, तेव्हा जसा रडला होता तसा.

तो राजधानीत परत आला तेव्हा पाडव्याचा दरबार भरला होता. दारांवर तोरणे होती. केरोबा चिटणिसाच्या गादीवर बसला नाही. तो अर्जदार उभे राहतात तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले. वाट कशी आहे ते सांगितले. बाळंतिणींची नावे सांगितली. घंगाळाचे सांगितले. शेवटी नऊ माणसांची नावे सांगितली. त्यांत एक नाव पाच वर्षांच्या मुलीचे होते.

धनाप्पा शेट तिथेच होते. त्यांचा चेहरा उतरला. "महाराज, मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मला फक्त माझा मक्ता राखायचा होता."

राजाने केरोबाला विचारले, "हे सगळं तुम्हाला त्या दिवशीही ठाऊक होतं?"

"होतं, महाराज."

"मग बोलला का नाहीत?"

"लोक मला पक्षपाती म्हणतील, असं वाटलं."

"केरोबा," राजा म्हणाला, "त्या दिवशी शेटजींनी मला पाच गोष्टी सांगितल्या आणि भिवानं एकच. खरं कुणाचं, ते मला कळेना. म्हणून मी तुम्हाला विचारलं. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मी मनाशी म्हटलं, हा त्या मुलखातला. ह्यानं लोकांचं खरोखर वाईट होणार असतं तर हा गप्प बसलाच नसता. तुमच्या गप्प बसण्यावरच मी निकाल दिला."

केरोबाला वाटत होते की त्या दिवशी आपण तराजूला हातच लावला नाही. आता त्याला कळले की पारड्यात सर्वांत जड वजन त्यानेच टाकले होते.

राजाने हुकूम मागे घेतला. ज्या गावाला आपला निरोप आपण चालवायचा आहे त्याने तो खुशाल चालवावा, त्यासाठी कुणाची संमती लागणार नाही, असा नवा हुकूम निघाला. तो केरोबानेच लिहिला. तो त्याने लिहिलेला शेवटचा हुकूम. मग गादीवरची लेखणी उचलून त्याने राजापुढे ठेवली, नमस्कार केला आणि हुकमाची नक्कल घेऊन तो डोंगराकडे निघाला.

साळू टेकडीवर होती. कुणीतरी परात देवळातून आणून खांबाशी ठेवली होती. इतक्या महिन्यांत तांबे पार हिरवे पडले होते. साळूच्या पुढ्यात चिंचेचा गोळा होता आणि मूठभर राख होती. राख कुठली, हे केरोबाने विचारले नाही.

"वाच," ती म्हणाली.

केरोबाने हुकूम वाचला. साळूने कागद हातात घेतला आणि त्यावरून बोट फिरवले.

"अक्षर चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. "पहिल्यापासून चांगलं आहे."

तिने कागद कपाळाला लावला नाही. घडी करून त्याच्या हातात परत दिला. मग चिंचेचा अर्धा गोळा त्याला दिला आणि दोघे भाऊबहीण परात घासत बसले. हिरवे निघायला फार वेळ लागला. केरोबाच्या वाट्याला जो कोपरा आला होता तिथे ठोक्याची एक चंद्रकोर होती. ती चमकू लागेपर्यंत त्याने ती घासली. मग दोघांनी मिळून परात उचलून खांबाला अडकवली.

ऊन परातीवर आले. खाली कुरवंडीच्या टेकडीवर भिवाला ते दिसले असावे. कारण तिकडून लगेच झळक आली. एकच झळक. खुशाल?

साळूने घोंगडी केरोबाच्या हातात दिली.

"तू दे उत्तर," ती म्हणाली. "आज आपल्या घराची पाळी आहे. आणि आपल्या घरात आता तू आणि मीच."

केरोबाने घोंगडी परातीपुढे धरली. ती बाजूला केली की एक झळक जाईल, आणि खुशाल आहोत असे खोटेच सांगितल्यासारखे होईल. त्याने सगळ्या खुणा आठवून पाहिल्या. सुईण, वैद्य, पूर, वणवा. सतराच्या सतरा आठवल्या. जे झाले होते ते सांगायला त्यांत एकही खूण नव्हती.

तो घोंगडी धरून तसाच उभा राहिला. खालून पुन्हा झळक आली. भिवा वाट पाहत होता.

तात्पर्य: जे आपण लोकांना देऊ शकत नाही ते त्यांनी स्वतःच्या कष्टाने उभे केले, तर त्यांचे हात बांधू नयेत, आणि ते बांधले जात असताना ज्याला खरे ठाऊक आहे त्याने आपले नाव चांगले राहावे म्हणून गप्प बसू नये, कारण त्याचे गप्प बसणे हीच त्याची साक्ष धरली जाते.